सोलापुरात तीस लिटरचा समुद्र: हर्मिट क्रॅब आणि मऊ प्रवाळांची छोटी टाकी

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटली की जो तो विचारतो, "समुद्राचं पाणी कुठून आणणार?" त्याचं उत्तर सोपं आहे. मरीन सॉल्टची पिशवी आणि स्वच्छ आरओचं पाणी एवढ्यावर समुद्र घरात तयार होतो. खरी परीक्षा असते ती मार्च ते जूनची. प्रवाळांना पाणी २४ ते २६ अंशांवर लागतं, फार तर २८ पर्यंत चालतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस-बेचाळीसच्या घरात असतो आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोल्या रात्री झोपायच्या वेळीही भट्टीसारख्या तापलेल्या असतात. म्हणून टाकीचं सगळं नियोजन उन्हाळ्यापासून उलटं मोजत करायचं.

माझा आग्रह असा की सुरुवात आषाढी झाल्यावर करा. जुलै-ऑगस्टमध्ये टाकीत जिवाणू वसतील, गणपतीनंतर हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे, येतील, दिवाळीच्या पुढे पहिले प्रवाळ. मार्च उजाडेल तेव्हा टाकीला स्थिर व्हायला सहा-सात महिने मिळालेले असतील. फेब्रुवारीत हौसेने सुरू केलेली टाकी ऐन मेमध्ये कच्चीच असते.

जागा आधी, टाकी नंतर

तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडा. जुन्या सोलापुरातल्या जाड दगडी भिंतींच्या घरात राहत असाल तर तुमचं निम्मं काम झालं. निवडलेल्या खोलीत मेच्या दुपारी तापमान किती जातं ते थर्मामीटर ठेवून बघा. ३२-३३ पर्यंत थांबत असेल तर नुसत्या पंख्यावर मऊ प्रवाळांची टाकी निभावते. ३६-३८ जात असेल तर एसीची खोली किंवा चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) हवाच. चिलर बहुधा टाकी, दिवा आणि पंप या सगळ्यांपेक्षा महाग पडतो. तो खर्च जमणार नसेल आणि खोलीही गरम असेल, तर ही टाकी सुरू करू नका असंच मी सांगेन. जीव आणून उकडवण्यात काही अर्थ नाही.

टाकी ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची घ्या. काचेच्या दुकानात करूनही मिळते. हिशेबाने चाळीस लिटरची, पण वाळू आणि दगड गेल्यावर पाणी साधारण तीस लिटर उरतं. याहून लहान घेऊ नका, कारण पाणी जितकं कमी, तितके तापमान आणि खारटपणा झपाट्याने बदलतात. वर काचेचं झाकण नको, नायलॉनची जाळी लावा. पाण्याची वाफ होऊन ती बाहेर जायलाच हवी. त्याचं कारण पुढे येतंय.

मागे लटकणारा एक फिल्टर, पाणी फिरवणारा एक छोटा पंप, निळा-पांढरा एलईडी दिवा आणि ५० वॅटचा हीटर पुरतो. सोलापुरात हीटर कशाला, असं वाटेल. पण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री गारठा पडतो, खोली वीस-बावीसवर येते आणि दुपारी पुन्हा चढते. हा रोजचा चढउतारच प्रवाळांना सोसत नाही. पाण्यातला मळ फेसातून काढणारा स्किमर एवढ्या टाकीला लागत नाही. वायरींना खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही. बोर्ड टाकीच्या वरच्या उंचीवर असावा. खारं पाणी आणि वीज यांत हयगय नको.

पाणी

उजनीचं नळाचं पाणी असो की बोअरचं, थेट वापरायचं नाही. दोन्हींत क्षार असतात, नळाच्या पाण्यात क्लोरीनही. आरओ मेम्ब्रेन साधारण नव्वद ते पंच्याण्णव टक्के क्षार अडवतो. म्हणजे ७०० टीडीएसचं पाणी गेलं तर बाहेर पस्तीस ते सत्तर उरतात. तेवढ्यावर शेवाळ मजेत वाढतं. मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार टिपणाऱ्या डीआय रेझिनचं एक भांडं जोडलं की टीडीएस मीटर शून्याजवळ येतो. आपल्याला ० ते ५ हवा.

इथे एक मोठा धोका आहे आणि दुकानदार सहसा तो सांगत नाहीत. हल्ली घरोघरी 'कॉपर' लिहिलेले आरओ असतात, पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारे. माणसाला ते चालत असेल, पण खेकडे, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं. त्या मशीनच्या तोटीचं पाणी टाकीत कधीच जाऊ देऊ नका. मेकॅनिककडून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, मिनरल आणि कॉपर कार्ट्रिजच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्या. टीडीएस वाढवणारा स्क्रू असतो, तोही या मार्गात नको. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार घेत असाल तर प्रत्येक जार मीटरने तपासा, एकाच दुकानाचे दोन जार सारखे नसतात. नळाला रोज पाणी येत नाही हे लक्षात घेऊन किमान एक जार आरओचं पाणी कायम शिल्लक ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला आणि संडासाला वापरता येतं.

आता मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, खडेमीठही नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. ते फक्त मरीन सॉल्टमध्येच योग्य प्रमाणात मिळतं. लिटरला साधारण ३७ ग्रॅम धरा, म्हणजे तीस लिटरला अकराशे ग्रॅम. बादलीत आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ, आणि छोट्या पंपाने रात्रभर ढवळत ठेवायचं. जीव असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधी टाकू नका. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर हजारी ३५ यावा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ च्या प्रमाणित द्रावणावरच जुळवून घ्या.

दगड, वाळू आणि वाट पाहणं

दगड निवडताना कायदा माहीत असलेला बरा. टणक सांगाडा करणारे सगळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. म्हणून समुद्रातून काढलेले 'लाइव्ह रॉक', म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे दगड, नकोत, कृत्रिम सिरॅमिक किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड घ्या. तीन ते चार किलो पुरतात. ते कमानीसारखे रचा, खालून पाणी वाहायला हवं. तळाला अॅरगोनाइटची वाळू दोन-अडीच सेंटिमीटर. आधी दगड काचेवर टेकवा, नंतर भोवती वाळू भरा, नाहीतर खेकडे खालून उकरतात आणि रचना कोसळते.

खारं पाणी भरलं, पंप आणि हीटर चालू केले की नखाएवढा कोळंबीचा तुकडा टाका. तो कुजून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात दिवा बंद ठेवा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, नायट्रेट आलं, की एक तृतीयांश पाणी बदला आणि दिवा रोज सहा तास सुरू करा. आठवडाभरात काच आणि वाळूवर तपकिरी धूळ धरते. ते डायटम, घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. मागून हिरवं शेवाळ दिसू लागतं, आणि तेव्हा हर्मिट क्रॅबची वेळ आलेली असते.

हर्मिट क्रॅब

मालवण, गणपतीपुळ्याला सहलीला गेलेली मंडळी बाटलीतून शंखातले खेकडे आणतात. मनापासून सांगतो, असं करू नका. गाडीत आठ-दहा तास तापलेल्या बाटलीत त्यातले बरेचसे वाटेतच जातात, आणि त्यांचे शंख किनाऱ्यावरच्या दुसऱ्या खेकड्यांची घरं असतात. दुकानातही एक गोंधळ असतो. रंगवलेल्या शंखातले 'हर्मिट' बहुधा जमिनीवरचे असतात. त्यांना पाण्यात सोडलं तर बुडून मरतात. आपल्याला समुद्रातले हवेत, निळ्या किंवा लाल पायांचे, फार तर दोन-अडीच सेंटिमीटरचे. डाव्या बाजूला मोठी नांगी असलेले छोटे पट्टेदारही चांगले. मोठे होणारे केसाळ लाल खेकडे घेऊ नका, ते टाकीतलं सगळं खातात.

तीस लिटरला दोन, फार तर तीन. शेवाळ खूप आहे म्हणून दहा घेतले तर शेवाळ संपल्यावर ते एकमेकांवर आणि गोगलगायींवर उतरतात.

जीव बहुधा मुंबई-पुण्याहून आणावे लागतात. पुण्याहून आणणार असाल तर सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परतणं सगळ्यांत बरं. थर्मोकोलचा डबा न्या, हिवाळ्याच्या आसपासचे महिने निवडा. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा. मग खेकडे भांड्यात काढून पाऊण तास थेंब थेंब टाकीचं पाणी सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

या प्राण्याचं शरीर मागे मऊ आणि उजवीकडे वळलेलं असतं. कवच असतं ते फक्त पुढच्या भागाला. म्हणून शंख हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे. प्रत्येक खेकड्यामागे तीन-चार रिकामे शंख ठेवा, सध्याच्या शंखापेक्षा किंचित मोठे, गुळगुळीत, रंग न लावलेले, उकळून घेतलेले. नवा शंख मिळाला की तो काय करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. आधी शंख पायांनी गोल गोल फिरवतो, मग शंखाच्या तोंडातून नांगी आत घालून खोली आणि रुंदी चाचपतो, आतली वाळू बाहेर काढतो. बराच वेळ हे चालतं. आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मऊ पोट जुन्या शंखातून निघून नव्यात गेलेलं असतं. कधी पटलं नाही तर लगेच माघारीही येतो. रिकामे शंख नसतील तर तो टर्बो गोगलगाय मारून तिचा शंख घेतो. त्यात त्याचा दोष नाही.

खेकडा दोन-चार दिवस दगडामागे लपून बसला आणि एका सकाळी वाळूवर पायांसकट, डोळ्यांसकट अख्खा खेकडा पडलेला दिसला, तर लगेच मेला म्हणून फेकू नका. चिमट्याने उचला. पोकळ, हलका, अर्धपारदर्शक असेल तर ती कात आहे आणि मालक शंखात नवं कवच टणक होण्याची वाट बघतोय. मेलेला खेकडा शंखाबाहेर लुळा पडतो आणि त्याला उग्र वास येतो. कात दिवसभर राहू द्या, बऱ्याचदा तो ती स्वतः खातो.

खाणं दोन-तीन दिवसांतून एकदा, बुडणाऱ्या गोळीचा अर्धा तुकडा किंवा समुद्री शेवाळाची बोटभर पट्टी. रात्री उरलेलं काढून टाका.

डास घालवायचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे टाकीच्या खोलीत अजिबात नको. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं कीटकांसाठी असतात आणि खेकडे त्यांचे जवळचे नातलग. पावसाळ्यात त्या खोलीला जाळी किंवा मच्छरदाणी हाच उपाय. घरात पेस्ट कंट्रोल करणार असाल तर आधीच्या दिवशी टाकी झाकून एअर पंप दुसऱ्या खोलीतली हवा घेईल अशी सोय करा.

प्रवाळ

पहिले प्रवाळ मऊच घ्या. मश्रूम सगळ्यांत सोशिक, मंद प्रकाश आणि संथ पाणी त्यांना आवडतं, तळाजवळ ठेवा. झोअँथिड दगडाच्या मधल्या उंचीवर, थोड्या जास्त प्रकाशात. ग्रीन स्टार पॉलिप सुंदर दिसतात, पण दगडावरून दगडावर पसरत जातात. त्यांना एकट्या दगडावर, वाळूच्या मधोमध बेटासारखं ठेवलं तर आवरता येतात. झेनिया मी सोलापुरात सुचवत नाही. उष्णता वाढली की ते एका रात्रीत विरघळतात आणि सगळं पाणी नासवतात. टणक प्रवाळ आणि समुद्रफूल या टाकीत नकोच. टणक प्रवाळांना कायद्याची अडचण आहेच, परदेशी टणक प्रवाळही साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली येतात. कोणताही प्रवाळ घेताना विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं आणि बिल मागा.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय घातक विष असतं. बोटाला कापलेलं असेल तर दगडाला हात लावू नका. त्यांचा दगड गरम पाण्यात टाकणं किंवा उकळणं तर कदापि नाही, वाफेतून विष श्वासात जाऊन अख्खं घर आजारी पडू शकतं. लहान मुलांना ही गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा.

प्रवाळांच्या पेशीत सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रकाशावर अन्न करून त्यांना देतात. त्यामुळे वेगळं अन्न फारसं लागत नाही, दिवसाला सात-आठ तास दिवा पुरतो. पहिले दोन आठवडे तो कमी ठेवा. पाणी तापलं की हीच शैवालं बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एकच अंश जास्त काही आठवडे राहिला तर ब्लीचिंग सुरू होतं. १९९८ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळ बेटं त्यातूनच होरपळली. एका अंशाला किती महत्त्व आहे ते यावरून कळतं.

उन्हाळ्याचे चार महिने

इथे सोलापूरची कोरडी हवा मदतीला येते, आणि ती मदत मुंबईकरांना मिळत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावला की पाणी झपाट्याने वाफ होतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. दिवसाला दीड लिटर पाणी उडालं तर ते सतत चाळीस वॅट उष्णता बाहेर काढल्यासारखं आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत पंख्याने पाणी खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी खाली राहतं. पंख्याला तापमान बघून चालू-बंद होणारा कंट्रोलर जोडा. खोलीत कूलर चालवलात तर खोली गार होते, पण हवा दमट होऊन टाकीच्या पंख्याचा जोर कमी होतो. तरी हिशेब फायद्याचाच राहतो, फक्त खिडकी थोडी उघडी हवी. कूलरचा झोत टाकीवर येऊ देऊ नका, धूळ आणि क्षारांचे तुषार येतात.

वाफ होतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. तीस लिटरमधून दीड लिटर गेलं तर खारटपणा ३५ वरून जवळपास ३७ होतो, एका दिवसात. उन्हाळ्यात छोट्या टाक्या बहुतेक अशाच मरतात, आणि दोष मात्र तापमानाला दिला जातो. म्हणून भरपाई रोज, आणि ती बिनमिठाच्या आरओ पाण्याने. काचेवर मार्करने पातळीची रेघ ओढा. उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र (ऑटो टॉप-अप) नसेल तर मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, वर आरओ पाण्याचा कॅन टांगा. साध्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तेव्हा मिनिटाला चौदा थेंब म्हणजे दिवसाला एक लिटर. कॅनमध्ये एका दिवसापुरतंच पाणी भरा, म्हणजे चाकी सैल झाली तरी टाकी गोडी होणार नाही. कॅन रिकामा होत जातो तसे थेंब मंदावतात, संध्याकाळी एकदा मोजून घ्या.

दिव्याची वेळ बदला. दुपारी बंद, संध्याकाळी सहा ते रात्री एक. दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिळत नाही आणि घरची मंडळी घरी असताना टाकी बघता येते.

बर्फाची बाटली फक्त अडचणीला. अर्धा लिटर गोठलेली बाटली पूर्ण वितळली तर तीस लिटर पाणी दीड-दोन अंशांनी उतरतं. तेवढा धक्का एकदम नको, पाव लिटरच्या बाटल्या तासा-तासाने सोडा.

लाइट गेली तर पहिली गरज प्राणवायूची. २५ अंशांना खाऱ्या पाण्यात लिटरला साधारण पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सव्वासहा. पाणी हललं नाही तर तो लवकर संपतो. पाणी फिरवणारा पंप आणि टाकीचा पंखा घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, दोन्ही मिळून फार तर पंधरा-वीस वॅट. दिवा आणि हीटर इन्व्हर्टरवर नको.

आठवड्याचं काम

रविवारी तीन ते चार लिटर पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, खारटपणा आणि तापमान जुळवून ठेवलेलं असावं. दगडांवर पंपाचा झोत मारून गाळ उडवा आणि मग उपसा. फिल्टरचा स्पंज उपसलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळा. महिन्याला फिल्टरमधला कार्बन बदला, मऊ प्रवाळ पाण्यात एकमेकांविरुद्ध रसायनं सोडतात आणि कार्बन ती शोषून घेतो. नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ठेवा. शून्याच्या मागे लागू नका, अगदी नापीक पाण्यात मऊ प्रवाळ आक्रसतात. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) नव्या पाण्यानेच टिकते. या टाकीला बाटल्यांतली औषधं आणि पूरकं लागत नाहीत, आणि माशांचं तांब्याचं औषध तर घरात मीठ कालवायच्या बादलीजवळही ठेवू नका.

लग्नसराईत चार दिवस गावाला जायचं झालं तर आरओ पाण्याच्या बाटल्या भरून त्यांवर तारखा चिकटवा. शेजारच्या काकूंना एवढंच सांगा की रोज सकाळी त्या तारखेची बाटली हळूहळू ओतायची, रेघेच्या वर पाणी नाही, आणि खाणं अजिबात टाकायचं नाही. खेकडे चार दिवस दगडावरच्या शेवाळावर आरामात राहतात. पंखा फिरतोय का ते मात्र त्यांनी दिवसातून दोनदा बघायचं, आणि बंद दिसला तर लगेच फोन करायचा.